वर केलेला हात

परवा पेणच्या बाजारात एका पालकानं मला अडवलं. "बाई, हल्लीच्या पोरींत जिगर नाय हो राहिली. तुम्ही जरा कडक व्हा." मी भाजीची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि म्हटलं, "तुमची मुलगी काल कुठल्या पायानं लंगडत होती, डाव्या की उजव्या?" त्याला सांगता येईना. "मग आधी ते बघा, जिगर नंतर बघू," म्हणून मी चालू पडले. मागून तो काहीतरी पुटपुटला. पुटपुटू दे. माझ्या तोंडाला कोण लागत नाही, हे पेणमधे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. त्याची किंमत एका पोरीच्या गुडघ्यानं भरली, आणि वर शिव्याही तिनंच खाल्ल्या.

मी शाळेत खेळाची शिक्षिका. वीसेक वर्षं मुलींना कबड्डी शिकवली. त्याआधी स्वतः खेळले, मातीवर, ढोपरं सोलून घेत. आमच्याकडच्या मातीवरच्या खेळात एक जुनी रीत होती. अंगाला स्पर्श झाला की गड्यानं आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. पंचाची शिट्टी नंतर. पंचाला दिसलं नाही म्हणून आत उभं राहणाऱ्याला गावात कुणी पाणी विचारत नसे. ही रीत मी माझ्या मुलींना लावली, आणि नुसती खेळापुरती नाही. चूक झाली, हात वर. सराव बुडवला, हात वर. कुठं दुखतंय, हात वर. आणि वर केलेल्या हाताला कुणी काही बोलायचं नाही. टोमणा नाही, हसणं नाही, 'का गो' सुद्धा नाही. मी 'बरं' म्हणेन, मग हात खाली. संपला विषय.

सामन्याआधी आम्ही गोल करून उभ्या राहायचो. मी विचारायचे, "कुणाचं काही?" ज्यांचं असेल त्यांचे हात वर व्हायचे. मला ह्या गोलाचा भारी अभिमान होता. पाहुणे आले की मी मुद्दाम त्यांच्यासमोर गोल करायला लावायचे, आता खोटं कशाला बोलू?

ती पोर वडखळच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावातली. आई मिठागरात, बाप डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर. पोर सुट्टीत आईबरोबर मिठागरात जायची. तिथं जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतात, ते काम करून तिच्या पिंढऱ्या अशा झाल्या होत्या की तिनं पाय रोवला की तिघींना हलायची नाही. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या कप्तानाला उचलून रेषेबाहेर ठेवलं आणि मग घाबरून स्वतःच हात वर केला. मी विचारलं, "हात कशाला?" तर म्हणते, "जोरात लागला असंल तिला." मी हसले. मी फारशी हसत नाही.

बापाची अट होती. तो मला मैदानावर येऊन तोंडावर सांगून गेला होता. "बाई, यंदाचा वर्स तुमचा. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळू दे तिला, मी आडवा येणार नाय. नाय झाली तर कंपनीच्या कँटीनमधे लावतो. पोरींचा खेळ किती दिवस चालायचा?" मला राग आला, पण त्याचंही चूक नव्हतं. रोज बाराएक तास उभा राहणारा माणूस तो. मी म्हटलं, "होईल निवड. माझा शब्द."

शब्द दिला तिथंच माझं डोकं फिरलं. तिची निवड हा त्या दिवसापासून माझा सामना झाला, तिचा राहिलाच नाही.

निवड चाचणीची स्पर्धा रोह्याला होती. रोह्याचं नाव काढलं की माझ्या कपाळाची शीर उडते, कारण तिथला प्रशिक्षक. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्याच्या टी-शर्टला कधी माती लागलेली मी बघितली नाही. हातात कायम एक वही, मुलींच्या झोपेचे तास त्यात लिहितो म्हणे. झोपेचे! एकदा आम्हा सगळ्या प्रशिक्षकांना बसवून त्यानं पडद्यावर चित्रं दाखवत तासभर 'मानसिक कणखरता' शिकवली. मी मागच्या बाकावरून मोठ्यानं जांभई दिली. त्यानं ऐकली आणि गोड हसला. असली गोड हसणारी माणसं मला मुळीच सोसत नाहीत.

स्पर्धेच्या आठ दिवस आधी सरावात तिनं हात वर केला. "बाई, गुडघा कटकट करतोय." मी रीतीप्रमाणे 'बरं' म्हटलं आणि दोन दिवस बसवली. तिच्या आईनं गावातल्या जाणत्या बाईकडून तेल लावून चोळून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती पळायला लागली. मी म्हटलं, झालं काम. डॉक्टरला दाखवायला हवं होतं. पेणमधे काय डॉक्टर मिळत नाहीत? पण डॉक्टर म्हणणार विश्रांती, आणि मला तो शब्द ऐकायचा नव्हता.

रोह्याला आम्ही एसटीनं गेलो. नागोठण्यापर्यंत पोरी गात होत्या. ती खिडकीशी बसून गुडघ्यावर तळवा ठेवून होती. मला दिसत होतं. मी बाहेर बघत बसले.

उपांत्य सामन्यात रोह्याच्या प्रशिक्षकानं त्याची सगळ्यात चांगली चढाई करणारी मुलगी बाहेर बसवली. घोटा मुरगळला होता म्हणे. जरासा. निवड समिती समोर टेबल टाकून बसलेली, आणि ह्यानं आपली हुकमाची पोर बाकावर! मी मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल अशी, माझ्या मुलींना म्हटलं, "बघा गो, बाहुली कापसात गुंडाळून ठेवलीय. लग्नात रुखवतावर मांडायची असेल." पोरी खिदळल्या. तीही हसली असेल, मी काही तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिच्या गुडघ्याला तेव्हा पट्टी होती.

बाहुली बसवूनसुद्धा ते जिंकले. आम्हीही जिंकलो. दुपारी अंतिम सामना, आम्ही आणि रोहा.

सामन्याआधी गोल केला. सगळ्या घामेजलेल्या, कुणाच्या तोंडात लिंबू, कुणी केस आवळतंय. मी विचारलं, "कुणाचं काही?"

तिनं हात वर केला.

"गुडघा, बाई. वळताना सुटतोय."

बाकीच्या अकरा जणी माझ्याकडे बघत होत्या. आता मी 'बरं' म्हणायचं होतं. एवढंच काम होतं माझं. दोन अक्षरं. पण तासाभरापूर्वीच मी त्या रोहेकराला हसले होते. आणि टेबलामागं समितीची माणसं कागद पुढं ओढून बसली होती. आणि मी शब्द दिला होता. मी पुढं झाले, तिचं मनगट धरलं आणि हात खाली केला.

"आज नाही," मी म्हटलं. "ती टेबलावरची माणसं दिसतायत ना? आज बसलीस तर उद्यापासून कँटीन. मन घट्ट कर."

बाईंना उलट बोलायचं नाही, असंच तिला घरी शिकवलं होतं. मीही तेच शिकवलं होतं. बाकीच्या अकरा जणींनी माना खाली घातल्या. मी टाळी वाजवली आणि म्हटलं, "चला!"

तिच्या पहिल्या तीन चढायांत दोन गुण. समितीतला एक जण तिच्याकडे बोट करून शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता आणि माझी छाती फुगली होती. चौथ्या चढाईत ती आत गेली, डावीकडं झुकली आणि परत फिरली. तिला कुणी धरलं नव्हतं. कुणाचं बोटसुद्धा लागलं नव्हतं. गुडघा आत गेला आणि ती खाली बसली. ओरडली नाही. मॅटवर तळवा आपटत राहिली, आपटत राहिली.

सगळ्यात आधी कोण धावलं? तो. रोह्याचा. बर्फाची पिशवी घेऊन. त्याच्याकडं बर्फ होता, माझ्याकडं लिंबं होती. गुडघा धरून बसला, तिला काय काय विचारलं, आणि मग मान वर करून हळूच मला म्हणाला, "बाई, आधी काही बोलली होती का ही?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं एक क्षण बघितलं. आमचा गोल त्याच्या बाकासमोरच होता. त्यानं सगळं बघितलं होतं, मला खात्री आहे. तरी तो गप्प राहिला. त्या माणसाचा मला आजही राग येतो तो झोपेच्या वहीपायी नाही, ह्या गप्प राहण्यापायी. बोलला असता तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता खरं बाहेर पडलं असतं.

बाप पोचला तेव्हा सामना संपून गेला होता. शिफ्ट सुटल्यावर निघालेला, वडखळच्या नाक्यावर अडकलेला. पोर बाकावर आडवी, पाय एकावर एक रचलेल्या पिशव्यांवर. त्यानं आधी गुडघा बघितला, मग मला. "काय झाला, बाई?"

आणि मी काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतं. "दुखत होतं तर सांगायचं नाही का हिनं? सांगितलं असतं तर मी उतरवली असती का? मला काय स्वप्न पडणार होतं?"

बाप तिच्यावर वळला. "बाईंना का नाय सांगितलास? तोंड नव्हता तुला? हात वर करायचा तर एवढा शिकवलाय ना बाईंनी!" सगळ्यांसमोर. ती माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती. माझ्या हाताकडं बघत होती, तिचं मनगट धरलेल्या. अकरा पोरी आपापल्या पिशव्या आवरत होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. कशी उघडतील? बाईंचा धाक! मोठं काम करून ठेवलं होतं मी.

पनवेलला तिचं ऑपरेशन झालं. मी एकदा दवाखान्यात गेले, चिकू घेऊन. तिनं डोळे मिटून घेतले. झोपलेली नव्हती, पापण्या हलत होत्या. आई म्हणाली, "बसा गो बाई." मी बसले नाही. चिकू ठेवले आणि पळाले. हो, पळालेच.

गावात बोभाटा झाला की पोरीनं निवडीच्या हावेपायी दुखणं लपवलं. बाप स्वतःच जाईल तिथं सांगायचा, 'माझ्याच पोरीनं लपवला, बाई बिचाऱ्या काय करतील?' मला वडखळला भेटला की हात जोडायचा. ते जोडलेले हात बघून मला त्याचीच चीड यायची. मेल्या, विचार ना मला एकदा नीट! पण तो कशाला विचारतो? पुढं पोर चालायला लागल्यावर तिला खरोखरच कँटीनमधे लावली.

मी सराव चालू ठेवला. पूर्वीपेक्षा दुप्पट तोंड सुटलं माझं. उशिरा आली, झाप. शूजची नाडी सुटली, झाप. लाज वाटत होती मला, आणि ती राग होऊन ह्या पोरींच्या अंगावर पडत होती. गोल अजून व्हायचा. मी विचारायचे, "कुणाचं काही?" आणि एकही हात वर यायचा नाही. एक पोर ताप अंगात घेऊन खेळली आणि मैदानावरच ओकली. मी ओरडले, "सांगता येत नाही?" तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला पुरेसं कळलं होतं. तरी मी दोन वर्षं काढली. दोन वर्षं! माणूस किती निगरगट्ट होऊ शकतं, हे मला स्वतःवरून समजलं.

यंदा माझ्या दोन पोरी सरावाला यायच्या बंद झाल्या. चौकशी केली तर म्हणे, खाडीकाठच्या त्या गावात ती स्वतः लहान मुलींना शिकवते, कँटीन सुटल्यावर, आणि ह्या दोघी तिकडं जातात. माझा पारा चढला. माझ्या पोरी फोडते? मी शिकवलेलं मलाच? रिक्षा केली आणि संध्याकाळी तिच्या गावी जाऊन धडकले. जाताना काय काय बोलायचं ते मनात घोळवत होते. गोड बोलायला गेले नव्हते, हे मुद्दाम सांगते.

मिठागराच्या बांधाला लागून मोकळी जागा होती. दगड वेचून साफ केलेली. बाप वाकून चुन्यानं रेषा मारत होता. हाच तो, पोरींचा खेळ किती दिवस म्हणणारा. ती मधे उभी, गुडघ्याला पट्टा, आणि भोवती पंधराएक पोरी. गोल केलेला. मी बांधावरच थबकले.

"कोणाचा काय हाय?" तिनं विचारलं.

तीन हात वर झाले. एकदम, न घाबरता. एकीची टाच, एकीच्या पोटात दुखतंय, एकीनं काल सराव बुडवला. "बरं," ती म्हणाली. "बरं. बरं. तुम्ही दोघी बसा तिकडं." माझ्या फुटलेल्या पोरींपैकी एक त्या दोघींत होती. माझ्याकडं दोन वर्षांत जिचा हात कधी वर आला नव्हता, ती.

मी बांध उतरले आणि गोलात जाऊन उभी राहिले. पोरी सरकल्या. बाप चुन्याचं डबडं घेऊन लगबगीनं आला, "या बाई, या, खुर्ची आणतो."

मी हात वर केला.

मोठ्यांदा बोलले, बापाला ऐकू जाईल असं. "त्या दिवशी रोह्याला हिनं हात वर केला होता. गुडघा सुटतोय, म्हणाली होती. मी हात धरून खाली केला. हिनं काही लपवलं नव्हतं. मी खोटं बोलले, तुमच्याशी, सगळ्यांशी."

चुन्याचं डबडं त्यानं खाली ठेवलं. "दोन वर्सं, बाई? दोन वर्सं मी हिला बोल लावतोय..." तो माझ्या दिशेनं आला. मला वाटलं, आता मारतो. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "त्यांचा हात वर हाय. काय बोलायचा नाय."

तो थांबला. तिच्याकडं बघत राहिला, मग तोंड फिरवून बांधाकडं गेला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

मी तिच्याकडं बघत होते. मला शिव्या हव्या होत्या. रडणं, ओरडणं, काहीही चाललं असतं. नाहीतर ते एक 'बरं'. तिनं माझ्या वर केलेल्या हाताकडं एकदा बघितलं, आणि पोरींना म्हणाली, "चला, दोन संघ करा."

पोरी पांगल्या. खेळ सुरू झाला. एक चिमुरडी चढाईला आली, पडली, उठली, आणि ढोपर धरून तिनं हात वर केला.

"बरं," ती लगेच म्हणाली, आणि तिला उचलून बाहेर नेलं. परत येताना ती माझ्याजवळून गेली. "बाई, जरा रेषेच्या बाहेर व्हा. पोरी आदळतील."

मी रेषेबाहेर झाले. हात तसाच वर होता. खांदा भरून आला होता, तरी खाली घेतला नाही, कारण ती अजून 'बरं' म्हणाली नव्हती.